गाडीला चढावर दम लागतो

रूपालीची अट साधी होती, पण घरातलं सगळं त्या अटीपाशी येऊन थांबलं होतं.

तिचा नवरा भूपेश कृषी खात्यात. त्याची बदली मोलगीला झाली, आणि तेव्हापासून तो सोमवारी उजाडता उजाडता लोणखेड्याहून निघायचा तो शुक्रवारी दिवेलागणीला परतायचा. मुलगी काजल जेमतेम चालायला लागलेली. बाप दारात दिसला की ती आधी आजीच्या लुगड्यामागे लपायची. शनिवारभर लांबूनच त्याचा अंदाज घ्यायची. रविवारी दुपारी कुठे त्याच्या मांडीवर चढून चष्मा ओढायला लागायची, तोवर त्याची बॅग भरायची वेळ झालेली असायची. हे रूपालीला बघवत नव्हतं. मोलगीला बाजारापासून जवळच दोन खोल्यांचं घर मिळत होतं, मागे अंगण, अंगणात नळ. भूपेश म्हणायचा, चला सगळे वर. ती म्हणायची, येते, पण ज्या दिवशी आपली स्वतःची गाडी दारात उभी असेल आणि ती देवगोईचा घाट न थांबता चढेल, त्या दिवशी.

अटीमागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात काजलला ताप चढला आणि तापात तिने डोळे फिरवले. शेजाऱ्याच्या गाडीतून शहाद्याला नेलं, डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलांत असं होतं, घाबरू नका. डॉक्टर सांगून मोकळे झाले. रूपाली मात्र तेव्हापासून झोपेतही एक हात पोरीच्या कपाळावर ठेवून असायची. मोलगीलाही दवाखाना आहे, तिथेही डॉक्टर आहेत, हे ती एम.एस्सी. झालेली बाई जाणून होती. पण भूपेश मोटारसायकलवर पाड्यापाड्यांत फिरणार, तिथे फोन लागला तर लागला. अशा वेळी पोरीला घेऊन खचाखच भरलेल्या जीपच्या टपाकडे बघत रस्त्यावर उभं राहायचं, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं. म्हणून ती गाडी शिकली. कॉलेजच्या मैदानावर भूपेशला शेजारी बसवून, त्याच्या प्रत्येक 'हळू'ला 'कळतंय मला' म्हणत शिकली.

गाडी आली विसरवाडीहून. सासूबाईंच्या, म्हणजे छबूबाईंच्या भावाचा मुलगा हेमकांत, त्याचं हायवेवर टायरचं दुकान. त्याने नवी घेतली आणि जुनी पांढरी पेट्रोल गाडी घरच्याघरी दिली. मागच्या काचेवर देवमोगरा मातेचा स्टिकर, पुढच्या दारावर एक लांब ओरखडा, बाकी गाडी धडधाकट. छबूबाईंनी चाकांखाली लिंबू ठेवले, बॉनेटला कुंकू लावलं, आणि आपल्या माहेरची वस्तू असल्यासारखी आठवडाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

दिवाळी झाल्यावर ते तिघं पहिल्यांदा मोलगीचं घर बघायला निघाले. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सगळी सपाटी गाडीने गाणं म्हणत कापली. घाट लागला, आणि दुसऱ्याच वळणानंतर तिचं काहीतरी बिनसलं. भूपेश पाय दाबतोय, इंजिन घों घों करतंय, पण जोर म्हणून येत नाही. दुसऱ्या गिअरवर टाकली तरी तेच, पहिल्यावर टाकली तर बैलगाडीने मागे टाकावं अशी चाल. मागून एक जीप आली. आत माणसं, वर माणसं, पाठीमागे पाय टेकायला जागा मिळेल तिथे माणसं. जीप त्यांना वळसा घालून पुढे गेली तेव्हा टपावरच्या एका बाईने गाडीकडे बोट करून पावरी बोलीत काहीतरी म्हटलं आणि अख्खी जीप हसली. भूपेशही हसला. रूपाली हसली नाही. तिच्या मांडीवर काजल शिंकत होती, एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग रूपालीलाही शिंका आल्या. भूपेश म्हणाला, मिरचीचा हंगाम आहे, कपड्यांतून तिची झोंबरी खाट घेऊन आलो आपण. ते खरंच वाटण्यासारखं होतं. त्या दिवसांत सगळा जिल्हाच शिंकत असतो, मैलोन्मैल वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात, नव्या पाहुण्याला तर स्वागतालाच ठसका लागतो.

रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवली आणि घरी आले.

जेवताना भूपेशने एक मुद्दा काढला. पोर आजारी पडली तर तिला वरून खाली आणायचंय, आणि उतारावर तर कुठलीही गाडी पळते. मग चढाची एवढी काळजी कशाला? सासरे सुकलालबापू खूश होऊन मान डोलवायला लागले. रूपालीने शांतपणे विचारलं, एकदा खाली आणलं की परत वर जायचंच नाही का, आणि मोलगीच्या पुढेमागे रस्ता कुठे सपाट आहे? भूपेशने पुढची भाकरी मोडायला घेतली. बापूंनी आपला मोर्चा बायकोकडे वळवला.

"वारा मायक पयस, नि चढ ऊना की बठी जास," ते म्हणाले. "तुन्हा माहेरनाच माल शे."

सपाटीवर वाऱ्यासारखं पळायचं आणि चढ आला की बसायचं, हे माहेरावर गेलेलं ऐकून छबूबाईंनी ताटात वरण जरा जोरात वाढलं. आपल्या भावाचा मुलगा खोटा माल देणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढचे दोन दिवस बापूंना चहात साखर कमी मिळाली.

रूपालीलाही आधी हेमकांतचाच संशय आला होता. जुनी गाडी घेताना घरच्या माणसाला कोण कसून विचारतं? पण तिने फोन केला तेव्हा तो दुखावल्यासारखा झाला. वहिनी, ह्याच गाडीने मी सापुतारा चढलोय, तो म्हणाला, सासुरवाडीची माणसं भरून, आणि त्यातली दोन माझ्याच मापाची. फोन ठेवल्यावर रूपाली बराच वेळ विचार करत बसली. हेमकांत बढाया मारतो, पण त्या बढाया जेवणाच्या असतात, यंत्राच्या नसतात. गाडी तिकडे नीट होती असं धरलं, तर मग पोरगं मामाकडे ठणठणीत असावं आणि आपल्या घरी येऊन आजारी पडावं, तसं झालं हे. अशा वेळी आई पहिला प्रश्न काय विचारते? आपल्याकडे येऊन ह्याने खाल्लं काय?

शहाद्याच्या रस्त्यावर नवनीत मिस्त्रीचं गॅरेज आहे, कडुनिंबाखाली. माणूस पोटाने मोठा, बोलायला हौशी, आणि कामाला सरळ. त्याने सांगितलं की इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि हवा, आणि आपण एकेकाच्या घरी जाऊन विचारू. आधी त्याने प्लग काढले. ते चांगले होते तरी घासून बसवले. कॉइल तपासली. पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचा दाब मोजला, तोही बरोबर निघाला. सायलेन्सर तुंबलाय का म्हणून मागे हात धरून बघितलं. स्कॅनर लावला तर त्यात एकही दोष नाही. रूपाली काजलला कडेवर घेऊन सगळं बघत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, हे कशासाठी, ते कशासाठी. नवनीतला आधी गंमत वाटली, मग तो न विचारताच सांगायला लागला.

शेवटी त्याने हवेच्या फिल्टरचा काळा डबा उघडला. आतला फिल्टर लालसर धुळीने माखलेला होता. तो आपटला तशी नवनीतलाच शिंक आली. आपल्याकडे सगळ्यांचे फिल्टर असेच निघतात, वहिनी, तो नाक पुसत म्हणाला, हंगामात इंजिनालाही ठसका लागतो. त्याने नवा फिल्टर घातला, डबा बंद केला, आणि काजलला आजीकडे सोडून ते दोघं तोरणमाळच्या रस्त्याला चढ बघायला गेले. गाडी चढली. नुसती चढली नाही, वळणावर नवनीतने मुद्दाम हळू करून पुन्हा पाय दाबला तर ती पाठीला धक्का देऊन पुढे गेली.

रूपालीला हलकं हलकं वाटलं. फिल्टर. एवढंच होतं तर. तिने त्याच दिवशी पत्र्याची पेटी खाली काढली आणि भरायला घेतली. स्वेटर, थर्मामीटर, दोन थर्मामीटर, पोरीची वाटी, उकळलेल्या पाण्याचं भांडं. छबूबाई पापडांचा डबा घेऊन आल्या आणि पेटीच्या कडेला बसल्या.  मग काजलचं एक टोपडं घडी घालता घालता म्हणाल्या, "इतली घाई कसाले? पोर अजून धाकली शे."

रूपालीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ह्याला उत्तर दिलं तर बोलणं लांबेल, आणि लांबलं तर दोघींचेही डोळे भरतील, हे तिला समजत होतं.

शुक्रवारी भूपेश आला. त्याला एक सवय, लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी बॉनेट उघडून पाणी बघायचं, ऑइल बघायचं, आणि रुमालाने जे पुसता येईल ते पुसायचं. रविवारी गाद्या टपावर बांधून ते निघाले. देवगोईच्या घाटात, अगदी त्याच वळणापुढे, गाडीने तसाच दम टाकला. घों घों, आणि पुढे काही नाही. काजलला शिंका सुरू झाल्या. ह्या वेळी भूपेश हसला नाही. टपावरच्या गाद्यांमुळे त्यांना बघून कोणीही सांगू शकलं असतं की ही माणसं बिऱ्हाड घेऊन निघाली होती आणि परत चालली आहेत.

खाली उतरताना तो सरळ बोलला. हेमकांतला गाडी परत घ्यायला सांगतो, तो नाही म्हणणार नाही. घरमालकालाही निरोप देतो, एक गुरुजी ते घर मागतच आहेत. मी आपला येत जाईन शनिवार-रविवार. त्याच्या आवाजात राग नव्हता. रूपालीला तेच जास्त लागलं. तिने मांडीकडे बघितलं, काजल शिंकून शिंकून झोपली होती, नाक लाल. तिने विचारलं, हेमकांतला कधी सांगणार? येत्या शुक्रवारी आल्यावर, तो म्हणाला.

म्हणजे हाताशी आठवडा होता.

सोमवारी दुपारी काजल झोळीत झोपली तेव्हा रूपाली अंगणात येऊन बंद गाडीत बसली. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं काय करतेय ते. पोर रडत असली की ती आधी औषधाकडे धावत नसे, नुसती जवळ बसून बघत असे, कान ओढतेय का, पाय पोटाशी घेतेय का. तसंच ती आता बसली. तोरणमाळच्या चढावर चांगली. घाटात वाईट. मधे काय झालं? मधे काहीच झालं नाही. गाडी दारात उभी होती. भूपेश आला, त्याने पाणी बघितलं, पुसलं.

तिने त्याला फोन लावला. नशिबाने लागला. त्या दिवशी बॉनेटमध्ये नेमकं काय काय केलं, तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, आणि वर जरा अभिमानाने म्हणाला की तुझ्या नवनीतने त्या काळ्या डब्याची एक चाप उघडीच ठेवली होती, मी नीट बसवली, नाहीतर झाकण उडालं असतं.

रूपाली खाली उतरली, बॉनेट उघडून त्या डब्यासमोर उभी राहिली. झाकण किंचित उघडं होतं तेव्हा गाडी चढली. झाकण घट्ट बसलं, गाडीने दम टाकला. म्हणजे उघड्या फटीतून तिला श्वास मिळत होता. मग तिचं खरं नाक कुठे आहे? डब्यातून एक जाड काळी नळी निघून पुढे हेडलाइटच्या मागे कुठेतरी गेली होती. आणि तिथे वाकून उभी असताना, बंद, थंड गाडीपाशी, तिला शिंक आली.

आजूबाजूला कुठे पथारी नव्हती. वारा उलट्या दिशेचा होता. काजल गाडीतच शिंकते, तीही इंजिन तापल्यावर, आणि घाटात, जिथे मिरचीचं एक झाड नाही. ही गोष्ट आपण इतके दिवस बघत होतो आणि दिसत नव्हती.

नवनीतने तिचं सगळं ऐकून घेतलं. चाप उघडी राहिली हे कळल्यावर तो कानाला हात लावून हसला, म्हणाला, माझी चूकच आपल्या कामी आली म्हणायची. त्याने डब्यापासून नळी सोडवली आणि पुढच्या तोंडाकडून आत बोटं घातली. बोटांना काहीतरी मऊ लागलं. पकडीने धरून ओढलं, तर तोंडातून बाहेर आली एक कापडी पुरचुंडी, मुठीएवढी, आत खुळखुळणाऱ्या सुक्या मिरच्या. हवा त्या कापडातून गाळून जात होती, सपाटीवर तेवढी पुरत होती, चढावर पुरत नव्हती. मग दोघांनी हुडकलं तर काचेखालच्या जाळीपाशी, जिथून आतल्या पंख्याला हवा जाते, तिथे आणखी एक, जरा लहान, सुतळीने बांधलेली. नवनीत एवढा हसला की शेजारच्या पंक्चरवाल्याने काय झालं म्हणून मान वर केली.

रूपाली हसली नाही. तिने पुरचुंडीचं कापड ओळखलं होतं. पिवळं, त्यावर बदकं. काजलचं पहिलं झबलं. चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवलेलं, आणि ते टाके कोणाचे, हेही तिला विचारावं लागणार नव्हतं. 'इतली घाई कसाले', तिला आठवलं. टोपड्याची घडी आठवली. तिने पुरचुंडी मुठीत झाकून घेतली.

हे कोणी ठेवलं, नवनीतने डोळे पुसत विचारलं.

"आम्हीच," रूपाली म्हणाली. "उंदरांसाठी."

असं का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. बाहेरच्या माणसापुढे घरचं झाकायचं, एवढीच त्यात बुद्धी होती. पण घरी येताना तो शब्द तिच्या डोक्यात राहिला. उंदरांसाठी. शेतं मोकळी झाली की उंदीर घरांकडे येतात, गाड्यांत शिरतात, हे गावात कोणाला नवीन नव्हतं. लोक तंबाखूची पानं ठेवतात, डांबरगोळ्या ठेवतात. मिरच्या ठेवणारेही असतील. तिला ते खरं असायला हवं होतं, आणि खरं आहे की नाही हे विचारायची भीती वाटत होती.

छबूबाई ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ मोडत होत्या, पोरीला लागू नये म्हणून पलीकडच्या टोकाला, वाऱ्याच्या उलट्या बाजूने. रूपालीने त्यांच्यासमोर दोन्ही पुरचुंड्या ठेवल्या. 

सासूबाईंनी आधी त्या पुरचुंड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा, पण चोरी वेगळीच निघाली.

"नवनीतनी काढ्यात का?" त्या म्हणाल्या. "आते उंदरं घुसतीन ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी आली त्याच आठवड्यात एकदा बॅटरी उतरली होती, त्या दुपारी बॉनेट उघडं होतं. बापू झोपलेले. छबूबाईंनी आत डोकावलं तर पुढेच एक भोक दिसलं, काळं, उंदराला घर करायला सांगितल्यासारखं. गल्लीतल्या भीमसिंगच्या जीपच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि जीप पंधरवडाभर जागेवरून हलली नव्हती, हे ताजंच होतं. म्हणून त्यांनी मोठी पुरचुंडी त्या भोकात नीट आत दाबून बसवली, पडू नये म्हणून. दुसरी वर. झबल्याचं कापड घेतलं कारण ते मऊ होतं आणि घट्ट विणीचं, मिरचीची पूड गळली नसती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मिरचीनं नाव काढं का भांडस," छबूबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती; पोरीला ठसका लागेल म्हणून सून भांडते, ही घरातली एक वस्तुस्थिती होती. मग त्यांनी हातातला देठ मोडला आणि खाली बघत म्हणाल्या, "त्या दिनले गॅसपान उभी ऱ्हाईसन तूच बोलनी व्हती. घाटमा गाडी बंद पडनी, ते पोरले लई मी कोठे जाऊ? तवपाशीन मन्हा डोकामा तेच बसेल शे. माले बी झोप लागत नही."

रूपाली ओट्यावर टेकली. दोन्ही खोल्यांमधली भिंत केवढी, वीतभर. अलीकडे ती पोरीच्या कपाळावर हात ठेवून जागी, आणि पलीकडे ही बाई तिच्याच काळजीने जागी. घाटात गाडी बंद पडायची धास्ती तिने बोलून दाखवली होती एकदाच, कुकरच्या शिट्टीत, भूपेशला. ती भूपेशच्या डोक्यातून केव्हाच उडून गेली होती. आणि इथे कोणीतरी ती उचलून, झबल्यात शिवून, गाडीच्या नाकात भरून ठेवली होती.

तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे. छबूबाई एकदम थांबल्या.

"तुले काय वाटनं? मी पोरले आडावाले करं?"

खोटं बोलावं की खरं, हे ठरवायला रूपालीला क्षणभर लागलं, आणि तो क्षण सासूबाईंनी बघितला. "वाटलं," ती म्हणाली. "गॅरेजपासून घरापर्यंत वाटलं."

छबूबाईंनी सूप बाजूला सारलं. आता रुसतील, उठून आत जातील, असं रूपालीला वाटलं. पण त्या पुरचुंडी उचलून तिचे टाके बघत राहिल्या. मग म्हणाल्या की पोरीला अडवावं असं मनातून वाटलंच नव्हतं असं नाही, पण त्यासाठी गाडीला हात लावला नसता. त्यासाठी त्यांनी देवमोगरा मातेला सांगितलं होतं, आणि तिने काही ऐकलं नाही. आणि ह्यावर, दोघींच्याही ध्यानीमनी नसताना, दोघींना हसू आलं. आधी छबूबाईंना, पदराच्या आडून, मग रूपालीला, मग मिरचीमुळे की कशामुळे डोळ्यांतून पाणीही. आतून बापूंनी विचारलं काय चाललंय. छबूबाईंनी सांगितलं की माहेरच्या गाडीत काही खोट नव्हती, सासरच्या बाईने केली ती. त्यावर बापूंनी आतून नुसता चहा मागितला, साखरेचं नाव न काढता.

नवनीतने नळीच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवून दिली, काचेखालीही तशीच. छबूबाईंनी स्वतः येऊन दोन्ही जाळ्यांत करंगळी घालून बघितली आणि मगच पसंत केल्या. भूपेशला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला ते असं की गुरुजींना मी अजून निरोप दिलेलाच नाही. मग म्हणाला, ती चाप बसवली ते चुकलं का माझं? रूपाली म्हणाली, नाही, तुम्ही ती बसवली म्हणून सापडलं. तो रविवारपर्यंत हेच सगळ्यांना सांगत होता.

मोलगीच्या बाजाराचा दिवस धरून त्यांनी निघायचा दिवस ठरवला, आणि रूपालीने छबूबाईंना सांगितलं की तुम्हीही चला. पोर नव्या घरात रुळेपर्यंत तरी. त्या नाही म्हणाल्या, बापूंच्या भाकरी कोण करणार म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली. बापू म्हणाले, आपल्या भाकरी आपल्याला करता येतात, ह्या घरात कोणी कधी विचारलंच नाही.

घाटाच्या पायथ्याशी भूपेशने गाडी थांबवली आणि चावी रूपालीला दिली. ही वाट तुलाच चढायची आहे, तो म्हणाला. मागच्या सीटवर छबूबाई काजलला कवेत घेऊन बसल्या होत्या, डोळे गच्च मिटून. पहिलं वळण. दुसरं. ते नेमकं वळण आलं तेव्हा रूपाली सीटवर पुढे सरकली. तिने दुसऱ्यावर टाकली, पाय दाबला, आणि इंजिनाचा आवाज बदलला, भरीव झाला, गाडीने चढ छातीवर घेतला.   पुढे एक जीप चालली होती, आत माणसं, वर माणसं, टपावर दोन कोंबड्यांच्या पाट्या. सरळ रस्ता लागला तशी रूपालीने हॉर्न दिला, आणि जीपवाल्याने डाव्या बाजूला घेऊन वाट दिली.

काजल आजीच्या मांडीवर उभी राहून खिडकीतून मागे पडणाऱ्या झाडांना टाटा करत होती. शिंक नाही, काही नाही. भूपेशने हात मागे केला तर तिने तो धरला. रविवारची दुपार व्हायची वाट बघितली नाही.

"डोळे उघडा आता, आई," माथ्यावर आल्यावर रूपाली म्हणाली.

छबूबाईंनी आधी एक उघडला, मग दुसरा. खाली सगळं सपाट, धुरकट, आणि त्यात कुठेतरी लोणखेडं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, एवढ्या उंचावर भाजी मिळते का?

घरी पोचल्यावर भूपेश गाद्या सोडत होता, तर ह्या दोघी आत. रूपालीने खिडक्या उघडून कड्या तपासल्या, नळाचं पाणी भांड्यात घेऊन उजेडात धरलं, पोरीचा हात पोचेल असा विजेचा बोर्ड कुठे आहे ते बघितलं. मागे वळली तर छबूबाई गुडघे टेकून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाकलेल्या, भिंतीतल्या भोकात हात घालून.

"आठेबी उंदरं व्हतीन," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक पुरचुंडी काढली. हिरवं कापड, त्यावर ससे, काजलचं दुसरं झबलं. ठेवायच्या आधी त्यांनी ती हातात धरून सुनेकडे बघितलं.

रूपालीने कोपरा बघितला, वारा कुठून येतो ते बघितलं, पोरगी कुठे खेळेल त्याचा अंदाज घेतला.

"तिथे नको," ती म्हणाली. "जरा वर, फळीच्या मागे. द्या, मी ठेवते."